झायलर म्हणजे दोर वळणारा

माझ्या सासऱ्यांचं नाव कीथ सेलर. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात त्यांचं घर शोधायला नंबर लागत नाही. फाटकाशी माणसाच्या उंचीचा, जहाजाचा लोखंडी नांगर उभा आहे. व्हरांड्यात जहाजाचं सुकाणू, हॉलमध्ये बाटलीतली तीन गलबतं, आणि बाथरूमच्या दारावरसुद्धा पितळी गोल खिडकी. हा माणूस स्वतः मात्र जन्मभर प्लंबर. सोरेंटोच्या फेरीबोटीत बसले तर चाळीस मिनिटांत त्यांचा चेहरा हिरवा पडतो.

समोर मी त्यांना नुसतं कीथ म्हणते. पुण्यात माझ्या आईला ते अजून पचलेलं नाही. पण मराठीत सांगताना मी त्यांना अहोजाहोच करणार, आणि ही हकिकत ऐकल्यावर तुम्हीही कराल.

सेलर म्हणजे खलाशी. घराण्याची गोष्ट अशी होती की कीथचे पणजोबा जॉन इंग्लंडहून आलेल्या एका गलबतावर खलाशी होते. १८५५ साली सोन्यासाठी सगळं जग व्हिक्टोरियात लोटलं होतं. जहाज मेलबर्नला लागल्यावर जॉननी पाण्यात उडी टाकली, पोहत किनारा गाठला आणि चालत चालत बेंडिगोच्या खाणींवर पोचले. तिथल्या कारकुनाने नाव विचारलं. खरं सांगावं तर पळपुटा म्हणून पकडले जाणार. म्हणून ते म्हणाले, "मी सेलर." बस, तेच आडनाव झालं.

दर ख्रिसमसला जेवणानंतर कीथ ही गोष्ट सांगायचे. ग्रेगशी, म्हणजे त्यांच्या मुलाशी, माझं लग्न ठरलं त्या वर्षी त्यांनी ती खास माझ्यासाठी पहिल्यापासून सांगितली. उडी मारताना ते खुर्चीतून खरोखर उठायचे.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सासूबाई चार वर्षांपूर्वीच गेल्या होत्या, म्हणून क्लेटनच्या लॅबमधली माझी सकाळची शिफ्ट संपली की मी दुपारी त्यांच्याकडे चक्कर मारायचे. एकोणऐंशी वर्षांचा हा धडपडा माणूस खुर्चीला खिळून बसला होता. वेळ घालवायला त्यांनी एक काम काढलं होतं. नोव्हेंबरात सगळे सेलर बेंडिगोला जमणार होते, आणि जॉनच्या थडग्यावर नवी पितळी पाटी बसवायची होती. पाटीवर जहाजाचं चित्र आणि नाव हवं. नाव कुणालाच माहीत नव्हतं.

"तू कॉम्प्युटरवर शोधतेस का? मला त्यात काही कळत नाही," ते म्हणाले.

पहिल्या दोन दिवसांत काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी सरकारी दफ्तराच्या साइटवर एक स्कॅन केलेला कागद मिळाला. १८६२ सालचा, जॉन सेलर, बेंडिगो, असा नागरिकत्वाचा अर्ज. मी जागीच थांबले. नागरिकत्वाचा अर्ज मी स्वतः दोन वर्षांपूर्वी भरला होता, म्हणून मला त्यातलं थोडंफार माहीत होतं. त्या काळात इथे राज्य इंग्रजांचं. इंग्लंडहून आलेल्या माणसाला असा अर्ज करायची गरजच नव्हती. तो करायचे परके.

खाली वाचत गेले. जन्मस्थान, हार्त्स डोंगरातलं एक खाणगाव, जर्मनी. येण्याचा मार्ग, हॅम्बर्गहून प्रवासी म्हणून. पेशा, दोर वळणारा. आणि सगळ्यात खाली, कारकुनाच्या वळणदार 'सेलर'खाली, अर्जदाराची स्वतःची सही. जुन्या जर्मन लिपीत, टोकदार, डोंगरांच्या रांगेसारखी. योहान झायलर.

आता इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. बारावीनंतर मला जर्मनीला जायचं होतं. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात तीन वर्षं घालवली, परीक्षा दिल्या, आणि मग शिष्यवृत्ती मिळाली नाही म्हणून ऑस्ट्रेलियाला आले. ते जर्मन माझ्याकडे नुसतं पडून होतं. पण 'झायल' म्हणजे दोर, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. जो दोर वळतो तो झायलर. सुतार, लोहार, कुंभार, तसंच हे आडनाव. झायलरचा इंग्रज कारकुनाने सेलर केला, एवढंच.

कीथ समोर चहा पीत होते. काही न बोलता लॅपटॉप बंद करावा असं क्षणभर वाटलं. पण त्यांनी माझा चेहरा पाहिला होता.

"काय सापडलं?"

मी सांगितलं. हळूहळू, एकेक ओळ वाचून. त्यांनी सहीवर बोट ठेवलं.

"म्हणजे तो बोटीवर नव्हताच?"

"होता ना. प्रवासी म्हणून."

"आणि उडी?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हे सध्या कुणाला सांगू नकोस. ग्रेगलाही नको."

पुढचे दोन आठवडे वाईट गेले. मी जायचे, ते हवापाण्याबद्दल बोलायचे. पाटीचा विषय निघत नव्हता. मी नवऱ्यापासून लपवत होते, आणि लग्न होऊन आलेल्या पोरीने या घरातली सगळ्यात लाडकी गोष्ट मोडली असं मला सारखं वाटत होतं. पाटी करणाऱ्याचा फोन एकदा माझ्यादेखत आला. कीथ म्हणाले, "थांबा जरा, मजकूर पक्का व्हायचाय." मला वाटलं, ते वेळ काढतायत. शेवटी जहाजच कोरलं जाणार.

तिसऱ्या आठवड्यात मी लॅबमध्ये असताना त्यांचा फोन आला.

"अस्मिता, एक विचारायचं होतं. त्या गावाला जर्मनमध्ये पत्र लिहिता येईल तुला?"

"येईल की."

"मग ये. मी रात्रंदिवस विचार केलाय. खलाशी माझ्या बापाने सांगितला म्हणून मला माहीत होता. दोरवाला खरा होता, आणि त्याच्याबद्दल मला काहीच माहीत नाही. ही काय रीत झाली?"

आम्ही त्या गावच्या चर्चला पत्र पाठवलं. त्यांनी मजकूर सांगायचा, मी जर्मनमध्ये उतरवायचा. सेलरांच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात जर्मन येणारी मी एकटी, या गोष्टीची त्यांना इतकी मजा वाटायची की ते मध्येच थांबून हसायचे.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. चर्चची जुनी वह्यापुस्तकं सांभाळणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने, उर्सुलाबाईंनी, चार पानं लिहिली होती. मी ती मोठ्याने वाचत मराठी डोक्याने इंग्रजी करत होते आणि कीथ डोळे मिटून ऐकत होते. उर्सुलाबाईंनी लिहिलं होतं की जुन्या काळी गावात माणसाला एकच नाव असे. हान्स पुष्कळ झाले की मग दोर वळणारा हान्स, दळणारा हान्स असं म्हणू लागले, आणि करवसुलीच्या वहीत तेच चिकटलं. बऱ्याच घरांत धंदा सुटला, आडनाव राहिलं. झायलरांच्या घरात मात्र सहा पिढ्या दोन्ही टिकली. दोर वळायला लांबच लांब सरळ वाट लागते, म्हणून त्यांचं घर गावाबाहेर होतं. कमरेला वाखाची, म्हणजे तागासारख्या धाग्यांची, जुडी बांधायची, पोराने चाक फिरवायचं, आणि माणसाने तंतू सोडत सोडत उलट्या पावली चालत जायचं. दिवसाकाठी कित्येक मैल, सगळे मागे.

"मागे चालत?" कीथनी डोळे उघडले.

"हो. तेच लिहिलंय."

योहानचे आजोबा खाणीतल्या अपघातात गेले तेव्हा आजी अन्ना हिने धंदा हातात घेतला आणि एकवीस वर्षं चालवला. वहीत तिच्या नावापुढे 'विधवा' असं न लिहिता 'दोर वळणारी' असं लिहिलंय, हे उर्सुलाबाईंनी मुद्दाम अधोरेखित केलं होतं. पुढे त्या भागातल्या खाणींमध्ये तारेचे दोर आले आणि वाखाच्या दोरांना गिऱ्हाईक उरलं नाही. योहान चोवीस वर्षांचा असताना निघून गेला. कुठे, ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'तो पोचला हे कळल्याने बरं वाटलं.'

कीथनी चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छच होत्या.

त्यांचा गुडघा चालता झाल्यावर ऑगस्टमध्ये आम्ही दोघं गाडीने बेंडिगोला गेलो. तोवर ग्रेगला सगळं सांगून झालं होतं. तो म्हणाला होता, "डॅडना हवं ते करू दे, पण जॉयस आत्या काय म्हणेल याचा विचार करा." जॉयस ही कीथची थोरली बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, बेंडिगोलाच एकटी राहते. संमेलनाचा सगळा कारभार तिच्या हातात.

आधी आम्ही तिथल्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळली. मायक्रोफिल्मवर डोळे दुखेपर्यंत. जेवणाच्या वेळेला मी बाहेर सँडविच आणायला गेले आणि परत आले तर कीथ उभे होते, हात टेबलावर टेकलेले.

"हे वाच."

१८६७ सालची बातमी होती. एका खाणीत रहाटाचा दोर तुटून दोन माणसं खाली पडून मेली होती. चौकशीत दोरवाला सेलर याची साक्ष झाली. त्याने सांगितलं होतं की हा दोर माझा आहे, पण मी तो एक वर्षापुरता दिला होता, तीन वर्षं वापरला. आत पाणी मुरून वाख सडलाय, बदला, असं मी मॅनेजरला दोनदा सांगितलं. मॅनेजर म्हणाला, सांगितलं नाही. ज्युरीने मॅनेजरचं ऐकलं. सेलरचं इंग्रजी कच्चं होतं, असंही बातमीत होतं.

"तो हरला," मी म्हटलं.

"पुढचं बघ."

पुढची बातमी १९०३ सालची, त्याच्या मृत्यूनंतरची. आठ ओळींची. त्यात लिहिलं होतं की जुन्या खाणकामगारांना हा म्हातारा चांगला आठवतो. त्या अपघातानंतर त्याने एक नेम केला. आपला प्रत्येक नवा दोर खाणीवर पोचला की त्यावरून सगळ्यांच्या आधी तो स्वतः तळापर्यंत उतरायचा. आणि दर सहा महिन्यांनी, बोलावलेलं असो वा नसो, जाऊन आपले दोर हाताने चाचपून यायचा. काही मॅनेजर त्याला हाकलून द्यायचे. तो दुसऱ्या दिवशी परत जायचा. चौतीस वर्षं हे चाललं.

कीथ बसले. प्लंबरचे ते जाड, भेगाळलेले हात त्यांनी उलटसुलट करून पाहिले. "मी पन्नास वर्षं लोकांना एका उडीची गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "आणि हा माणूस दर वेळी दोराला लोंबकळत खाली जात होता."

त्या दुपारी आम्ही जॉयसकडे गेलो. तिने चहाबरोबर खायला स्कोन्स केले होते. कीथनी छापून आणलेले कागद टेबलावर मांडले आणि सगळं सांगितलं. संपल्यावर तिने कागद नीट एकावर एक ठेवले आणि त्यांच्याकडे सरकवले.

"पाटीवर जहाजच राहील."

"जॉयस, जहाज नव्हतंच."

"मला माहीत आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मला आठव्या वर्षापासून माहीत आहे," ती म्हणाली. "त्रेचाळीस साली. दुसरं युद्ध चाललं होतं. शाळेत एका मुलीने मला जर्मन म्हणून चिडवलं. मी घरी येऊन विचारलं तर पपांनी मला मागच्या शेडमध्ये नेलं आणि सांगितलं. पहिल्या युद्धात ते दहा वर्षांचे होते. लोकांनी त्यांच्या घराच्या खिडक्या फोडल्या. त्यांची आई भाजी घ्यायला गेली तर दुकानदाराने पाठ फिरवली. पपांना शाळेतून रक्ताळून घरी आणलं. मग आजोबांनी, म्हणजे पपांच्या वडिलांनी, त्यांना मांडीवर घेऊन ती खलाशाची गोष्ट सांगितली. म्हणाले, उद्यापासून शाळेत ही सांगायची. पपांनी दंडावर नांगर गोंदवून घेतला तो हौसेने नाही, कीथ."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू चव्वेचाळीस सालचा. तुला गोष्टच खरी वाटायची. तू इतकी छान सांगायचास. मी म्हटलं, निदान एकाला तरी ती नुसती गोष्ट असू दे."

मी उठून किटली पुन्हा लावली, कारण दुसरं काय करावं ते कळेना. ऐंशी वर्षं या बाईने हे एकटीने सांभाळलं होतं. प्रत्येक ख्रिसमसला ती भावाची उडी बघून टाळ्या वाजवायची, ते मला आठवलं.

शेवटी कीथ म्हणाले, "आता कुणी खिडक्या फोडणार नाही, जॉयस."

"तुला काय ठाऊक?"

"नाही ठाऊक. पण फोडल्याच तर काचा बसवता येतात मला."

ती हसली नाही. पण आम्ही निघताना तिने दारात माझा हात धरला. "ती त्याची सही," ती म्हणाली, "मला एकदा मोठी करून छापून आणशील? मी त्याचं अक्षर कधी पाहिलं नव्हतं."

सप्टेंबर, ऑक्टोबर कीथनी ड्राइव्हवेत काढले. जुन्या सायकलचं चाक, पाइपाचे तुकडे आणि तीन लोखंडी आकडे यांतून त्यांनी पीळ भरायचं यंत्र केलं. वाख मागवला. मी सुट्टीच्या दिवशी चाक फिरवायचे आणि ते नव्या गुडघ्याने, उलट्या पावली, हळूहळू गॅरेजकडून फाटकाकडे जायचे. पहिले चार प्रयत्न शेवयांसारखे निघाले. शेजारचा उल्हास, मूळचा ठाण्याचा, कुंपणावरून म्हणाला, "अंकल, बनिंग्जच्या दुकानात तयार मिळतो, मेट." कीथ म्हणाले, "तो मी वळलेला नसतो."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी बेंडिगोच्या दफनभूमीत सत्तर-पंचाहत्तर सेलर जमले. थडग्यावर कापड झाकलेलं होतं. कीथ पुढे आले. त्यांना कागद लागला नाही. त्यांनी नेहमीच्याच शब्दांत सुरुवात केली, सोनं, गलबत, बंदर, आणि मुलं उडीची वाट बघू लागली. मग ते थांबले.

"ही गोष्ट मी तुम्हाला जन्मभर सांगितली. ती खरी नाही. मला माफ करा. आता खरी सांगतो, ती जास्त चांगली आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. सही, अन्ना, सडलेला दोर, कच्चं इंग्रजी, चौतीस वर्षांचं खाली उतरणं. त्यांचा एक पुतण्या नौदलात आहे, पांढऱ्या गणवेशात आला होता. तो म्हणाला, "अंकल कीथ, मी नेव्हीत गेलो तो या गोष्टीमुळे." आवाजात राग होता असं नाही, पण दुखावलेपण होतं.

तेव्हा जॉयस काठी टेकत उठली. तिने फक्त शेडमधली ती दुपार सांगितली, आणि दहा वर्षांच्या मुलाला रक्ताळून घरी आणल्याची. मग पुतण्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या पणजोबांनी ती गोष्ट रचली ती पोरगं जगावं म्हणून. त्या गोष्टीने तू नेव्हीत गेलास, चांगलंच झालं. पण तुझ्या जहाजावर दोर असतील ना? ते कुणीतरी वळलेत." आणि तिने स्वतः कापड ओढलं.

पाटीवर जहाज नव्हतं. वर योहानची टोकदार सही, जशीच्या तशी कोरलेली. खाली इंग्रजीत, दोर वळणारा. त्याखाली जॉन सेलर हे नावही होतंच. ते कीथना काढायचं नव्हतं. "दोन्ही त्याचीच," ते पाटी करणाऱ्याला म्हणाले होते.

पुतण्या पुढे गेला, वाकला आणि सहीवरून बोट फिरवलं. मग सरळ होऊन त्याने सॅल्यूट केला. कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी पार्कात बार्बेक्यू झाला. कीथनी गाडीतून आपला दोर काढला, वीस मीटरचा, तीन पेडी, सातव्या प्रयत्नातला. रस्सीखेच ठरली. एकीकडे बेंडिगोचे सेलर, दुसरीकडे मेलबर्नचे. मी मेलबर्नकडून, शेवटून दुसरी. जोर लागला, दोर ताणला गेला, आणि बरोबर मध्यावर तटकन तुटला. चाळीस माणसं दोन बाजूंना उताणी पडली. गवतावर नुसता हशा. नौदलवाल्याच्या पांढऱ्या विजारीवर हिरवा डाग पडला.

हसत नव्हते ते एकटे कीथ. ते तुटलेलं टोक घेऊन उन्हात उभे होते, पेड उलगडून आत बघत होते. मी कोपर चोळत त्यांच्याजवळ गेले.

"वाईट वाटून घेऊ नका. नीट जमलेला पहिलाच होता."

"वाईट कसलं? हे बघ, इथे पीळ सैल राहिलाय. इथे मी चालताना थांबलो असणार, बहुतेक गुडघा दुखला म्हणून." त्यांनी टोक माझ्या हातात दिलं. "पुढच्या शनिवारी शिफ्ट नाही ना तुला?"

"नाही."

"मग सकाळी लवकर ये," ते म्हणाले, आणि तुटलेले दोन्ही तुकडे गुंडाळून गाडीकडे निघाले.